रिपोर्टमधले चार ठिपके आणि थांबलेलं औषध

पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझी मुलगी १० वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी ती म्हणायला लागली की डोळ्यांसमोर कचरा तरंगतोय. तपासणीत दोन्ही डोळ्यांना इंटरमीडिएट युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, निघाला. आधी स्टेरॉइड झालं, मग आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. तरी सूज पूर्ण गेली नाही, म्हणून अडालिमुमॅबची इंजेक्शनं सुरू करायचं ठरलं. 'त्याआधी एक मेंदूचा एमआरआय करून घ्या' असं सांगितलं. का, ते विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

रिपोर्ट बंद पाकिटात मिळाला. रात्री घरी उघडला. वर 'प्लेन स्टडी' लिहिलंय आणि खाली: 'दोन्ही फ्रंटल भागांत सबकॉर्टिकल व्हाइट मॅटरमध्ये तीन-चार पंक्टेट टी-टू/फ्लेअर हायपरइंटेन्सिटी, नॉनस्पेसिफिक. डीमायलिनेशनची शक्यता नाकारता येत नाही. क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक.' शिवाय ६ मिमीची पायनियल सिस्ट आणि उजव्या सायनसमध्ये म्यूकोसल थिकनिंग. पहाटे तीनपर्यंत एकेक शब्द शोधत बसले. सगळ्या वाटा मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराकडेच जात होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख अजून बारा दिवसांनी आहे. मुलीच्या वडिलांना वाटतं की या औषधांनीच हे झालं, तेव्हा तोवर सगळं बंद. दोन आठवडे मेथोट्रेक्सेट दिलेलं नाही. आमचं बोलणं मुलीने ऐकलं आणि विचारलं, 'माझा आजार डोक्यात गेला का?' मी काय सांगू तिला? आणि ती सिस्ट म्हणजे गाठ का?

एक आई

उत्तर

पत्र वाचताना मी थांबले ती मेथोट्रेक्सेटच्या ओळीवर. रिपोर्टमधल्या ठिपक्यांकडे येऊच, पण आधी हे. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन करा, बारा दिवस थांबू नका. दोन डोस चुकलेत हे न लपवता सांगा आणि पुन्हा कसं सुरू करायचं ते विचारा. राहिलेलं भरून काढायचं म्हणून एकदम दोन डोस मात्र देऊ नका. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, जास्त झालं तर रक्तपेशींवर आणि यकृतावर उलटतं. सोबत पोटातून स्टेरॉइड चालू होतं आणि तेही बंद केलं असेल, तर उद्याचीही वाट बघू नका, आजच कळवा. बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड एकाएकी तोडलं की शरीराला स्वतःचं स्टेरॉइड पुन्हा तयार करायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात साधा तापही मुलाला झेपत नाही.

मुलीच्या वडिलांवर माझा राग नाही. घाबरलेला माणूस हाताशी जे असेल ते बंद करतो. मेथोट्रेक्सेटने मेंदूतल्या व्हाइट मॅटरवर, म्हणजे पांढऱ्या द्रव्यावर, परिणाम होतो असं त्यांनी कुठे वाचलंही असेल. ते खरं आहे, पण ते प्रामुख्याने रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांबाबत, जिथे हे औषध शिरेतून प्रचंड प्रमाणात किंवा थेट मणक्यातल्या पाण्यात देतात. तिथे हिशेब ग्रॅमचा असतो, तुमच्याकडे मिलिग्रॅमचा. तुमच्या मुलीचा आठवड्याचा डोस त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

औषध थांबवल्याचं नुकसान मात्र आहे, आणि ते दिसत नाही म्हणून जास्त वाईट. इंटरमीडिएट युव्हायटिसमध्ये सूज असते ती डोळ्याच्या मधल्या पोकळीत, जेलीसारख्या काचद्रवात आणि त्याच्या कडेला. पांढऱ्या पेशींचे पुंजके तिथे तरंगतात, त्यांना डोळ्यांचे डॉक्टर स्नोबॉल म्हणतात. कडेला खाली थर साचला की तो स्नोबँक. तुमच्या मुलीचा 'कचरा' तो हाच. यात डोळा बहुतेक वेळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. आणि तेवढ्यात पडद्याच्या मध्यभागी, ज्या जागेने आपण वाचतो तिथे, पाणी साचू लागतं. या आजारात नजर जाते ती मुख्यतः तिथे. मोतीबिंदू आणि काचबिंदू पुढचे. म्हणजे घरात सगळे मेंदूकडे बघत असताना डोळ्याची राखण कुणी करत नव्हतं.

आता रिपोर्ट. इथे एक कबुली द्यायला हवी. मी रेडिओलॉजिस्ट आहे. तुम्हाला पहाटेपर्यंत जागवणारं ते वाक्य माझ्याच जातकुळीतल्या कुणीतरी लिहिलंय, आणि तसली वाक्यं मीही पुष्कळ लिहिली आहेत.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाचा एमआरआय माझ्यापुढे आला. चिठ्ठीवर एकच शब्द, 'डोकेदुखी'. फ्रंटल भागात दोन ठिपके दिसले. मी इमानेइतबारे सगळी यादी उतरवली: डीमायलिनेशन, रक्तवाहिन्यांची सूज, जुना संसर्ग, मायग्रेन. काही सुटायला नको, एवढाच विचार. सात महिन्यांनी तो मुलगा पुन्हा तपासणीला आला तेव्हा आईशी बोलणं झालं. त्या यादीतल्या पहिल्या शब्दामुळे सात महिने त्याला मैदानावर पाठवलेलं नव्हतं. त्याला मायग्रेन होता. यादीत मी तो चौथ्या क्रमांकावर लिहिला होता. ठिपके जिथल्या तिथे, तेवढेच. तेव्हापासून 'नाकारता येत नाही' लिहिताना माझा हात अडखळतो. जगात फारच थोड्या गोष्टी नाकारता येतात, आणि हे वाक्य रोग्यापेक्षा लिहिणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता देतं.

तर हा एमआरआय का सांगितला गेला, ते आधी. तुमच्या मुलीच्या मेंदूत काही बिघडलंय असा संशय होता म्हणून, असं तुम्ही धरून चालला आहात. माझा अंदाज वेगळा आहे. औषध निवडण्यासाठी तो सांगितला असणार.

डोळा हा मेंदूचाच बाहेर आलेला फाटा आहे. गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असतो तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातून दोन फुगवटे बाहेर येतात आणि त्यांचा पुढे डोळ्याचा पडदा होतो. डोळ्याची नस मेंदूच्याच आवरणांत गुंडाळलेली असते, भोवती मेंदूतलंच पाणी असतं, आणि तिच्यावरचं मायलिनचं वेष्टण मेंदूतल्या पेशींनीच बनवलेलं असतं. त्यामुळे काही आजार दोन्हीकडे दिसतात. इंटरमीडिएट युव्हायटिसचं नातं मल्टिपल स्क्लेरोसिसशी, म्हणजे एमएसशी आहे. एमएसमध्ये हेच मायलिन जागोजाग उखडतं, त्यालाच डीमायलिनेशन म्हणतात. हे नातं मोठ्या माणसांत जास्त ठळक, मुलांत बरंच विरळ. इंटरमीडिएट युव्हायटिस झालेल्या बहुतेक मुलांना एमएस कधीच होत नाही, कित्येकांच्या आजाराला कारणच सापडत नाही.

पण अडालिमुमॅब टीएनएफ नावाच्या रेणूला अडवतं, आणि तिथे गोम आहे. टीएनएफ सूज वाढवतो, तेव्हा तो अडवला की एमएसही शमेल असा एके काळी सरळ हिशेब होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एमएसच्या रुग्णांना लेनरसेप्ट नावाचं टीएनएफ अडवणारं औषध दिलं होतं. झालं उलटंच. औषध मिळालेल्यांना एमएसचे झटके जास्त आले. तेव्हापासून या वर्गातल्या औषधांच्या माहितीपत्रकांत डीमायलिनेशनचा इशारा असतो, आणि युरोपातलं अडालिमुमॅबचं पत्रक तर इंटरमीडिएट युव्हायटिसचं नाव घेऊन सांगतं की सुरू करण्याआधी आणि मधूनमधून मज्जासंस्थेची तपासणी करा. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं. फक्त 'का' हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तुमची एक रात्र वाचली असती.

म्हणजे चिठ्ठीवरचा प्रश्न असा होता: या मुलीला हे इंजेक्शन देण्यात मज्जासंस्थेच्या बाजूने काही अडचण दिसते का? हा प्रश्न चिठ्ठीवर खरोखर लिहिलेला होता की नुसतंच 'युव्हायटिस, एमआरआय ब्रेन' होतं, ते बघा. माझी पैज दुसऱ्यावर आहे. प्रश्न न कळलेला रेडिओलॉजिस्ट दिसेल ते सगळं मांडतो, वर सिस्ट आणि सायनसचा मसाला.

आता ठिपके. टी-टू आणि फ्लेअर या चित्रं काढायच्या पद्धती आहेत. जिथे पाण्याचा अंश जास्त तिथे पांढरं दिसतं. फ्लेअरमध्ये मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी मुद्दाम काळं करतात, त्यामुळे बारीक ठिपकाही उठून दिसतो. 'हायपरइंटेन्सिटी' या भारदस्त शब्दाचा अर्थ 'शेजारच्या भागापेक्षा पांढरं' एवढाच. का पांढरं, ते चित्र सांगत नाही. मायग्रेन, अपुऱ्या दिवसांचा जन्म, कधीतरी लागलेला मार, जुना संसर्ग, मायलिन अजून पुरतं न भरलेली जागा, शिरेभोवतीची जराशी रुंद फट, किंवा काहीच नाही, यातल्या कशानेही असा ठिपका दिसू शकतो.

आणि किती मुलांत काही ना काही दिसतं, तेही ऐका. अमेरिकेत मेंदूच्या वाढीचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात कुठल्याही आजारासाठी नव्हे तर निव्वळ अभ्यासासाठी ९ ते १० वर्षांच्या, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयाच्या, ११ हजारांहून जास्त मुलांचे एमआरआय काढले. २०२१ साली त्यांतल्या अनपेक्षित गोष्टींचा आढावा छापून आला. साधारण पाचात एका मुलाच्या चित्रात काहीतरी नोंद करण्यासारखं होतं. डॉक्टरांना दाखवा असं सांगावं लागलं ते पंचविसात एकाला. मूल निरोगी असो की आजारी, इतक्या बारकाईने आत डोकावलं की काहीतरी सापडतंच.

मग खरा एमएसचा ठिपका ओळखायचा कसा? आम्ही आधी बघतो तो कुठे बसलाय ते. मेंदूच्या मध्यभागी पाण्याच्या पोकळ्या असतात. एमएसचे ठिपके या पोकळ्यांच्या भिंतीला टेकून बसतात, लंबगोल असतात, आणि त्यांची लांब बाजू पोकळीशी काटकोन करते, कारण ते तिथल्या बारीक शिरांच्या वाटेने पसरतात. बाजूने काढलेल्या चित्रात पोकळीवर बोटं रोवल्यासारखी दिसतात. त्यांना डॉसनची बोटं म्हणतात. जेम्स डॉसनने १९१६ साली त्यांचं वर्णन केलं, तेही सूक्ष्मदर्शकाखाली. एमएसच्या बाकी आवडत्या जागा म्हणजे मेंदूचा बाहेरचा करडा थर, मेंदूचा देठ आणि लहान मेंदू, मणक्यातली नस, आणि एमएसच्या निदानाच्या २०२४ च्या नव्या निकषांनुसार डोळ्याची नसही.

तुमच्या रिपोर्टमध्ये शब्द आहे 'सबकॉर्टिकल'. इंटरनेटवर तुम्हाला बहुधा 'जक्स्टाकॉर्टिकल' भेटला असेल. दोन्ही सारखेच वाटतात, पण आमच्यासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जक्स्टाकॉर्टिकल ठिपका करड्या थराला थेट टेकलेला असतो, मध्ये पांढऱ्या द्रव्याची एक रेघही उरत नाही. सबकॉर्टिकल म्हणजे त्या थराच्या खाली, पण अंतर राखून. पहिला एमएसच्या हिशेबात धरतात, दुसरा धरत नाहीत. हा फरक कधीकधी एका मिलिमीटरचा असतो, आणि जाड काप घेऊन काढलेल्या चित्रात तो दिसतच नाही. दुसरा शब्द 'पंक्टेट', म्हणजे टाचणीने टोचल्यासारखा. एमएसचा ठिपका म्हणून मोजायला तो सहसा निदान ३ मिमीचा तरी लागतो. तुमच्या रिपोर्टमध्ये माप नाही. ते विचारा.

तुम्ही लिहून पाठवलेल्या शब्दांवरून, आणि चित्र न बघता जेवढं बोलता येतं तेवढंच बोलायचं, तर फ्रंटल भागातले, सबकॉर्टिकल, टाचणीएवढे तीन-चार ठिपके हे एमएसचं चित्र नव्हे. पण चित्र न बघता मी शिक्का मारणार नाही. नाहीतर मघाच्या कबुलीला काय अर्थ राहिला?

एमएसचं निदान नुसत्या चित्रावर उभं करू नये, मुलांत तर नाहीच. त्याचे निकष मॅकडॉनल्डच्या नावाने ओळखले जातात आणि ते मुळात मज्जासंस्थेचा ठळक झटका येऊन गेलेल्या माणसासाठी बांधलेले आहेत. २०१७ च्या आवृत्तीतच ११ वर्षांखालच्या मुलांना ते लावताना जपून, असं बजावलेलं आहे. युव्हायटिस हा तसला झटका धरला जात नाही. डोळ्याच्या नसेला सूज येणं वेगळं, डोळ्यातल्या काचद्रवात सूज असणं वेगळं. शिवाय इतक्या लहान वयात मायलिनचा आजार निघालाच तर एमएसपेक्षा एमओजी या मायलिनमधल्या प्रथिनावर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडीचा आजार आधी मनात येतो. त्याचा मार्ग आणि उपचार दोन्ही वेगळे.

म्हणून मुलीला काही झालंय का हे तिच्याकडे बघून ठरतं. कधी एका डोळ्याची नजर दोन-चार दिवसांत खाली आली होती का, डोळा फिरवताना दुखून? लाल रंग एका डोळ्याने फिका दिसला? दोन-दोन दिसलं, तोल गेला, चेहरा वाकडा झाला, हातापायाला एका दिवसाहून जास्त मुंग्या किंवा बधिरपणा राहिला, लघवीवरचा ताबा सुटला? मान पुढे वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं? यातलं काही घडलं असेल किंवा पुढे घडलं तर तातडीने दाखवायचं. सकाळी उठताना डोकेदुखी आणि उलटी, किंवा फिट आली, तर त्याच दिवशी. यातलं काहीच नसेल तर तेही कागदावर लिहून न्या. 'क्लिनिकल कोरिलेशन' म्हणजे हेच, आणि ते आमच्या खोलीत होत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना कागदापेक्षा सीडी महत्त्वाची. मुलांच्या मेंदूची चित्रं रोज बघणाऱ्या न्यूरोरेडिओलॉजिस्टकडून ती पुन्हा वाचून घ्यायची विनंती करा, आणि या वेळी प्रश्न लिहून: 'इंटरमीडिएट युव्हायटिस, टीएनएफ रोधक औषध सुरू करायचं आहे, डीमायलिनेशनची खूण आहे का?' दुसरं मत मागितलं तर डॉक्टरांना राग येईल असं बऱ्याच पालकांना वाटतं. निदान आमच्या खात्यात तसं नसतं. एकमेकांच्या फिल्म बघणं हा आमच्या दिवसाचा निम्मा भाग आहे.

'प्लेन' शब्दाबद्दल. याचा अर्थ शिरेतून रंग, म्हणजे गॅडोलिनियम, दिलेला नाही. ठिपका ताजा असेल तर तो रंग शोषून उजळतो, जुना असेल तर नाही. चिठ्ठीवर प्रश्न नीट असता तर मी तरी रंग देऊन, बारीक कापांत, डोळ्याच्या नसांची वेगळी चित्रं घेऊन हा एमआरआय केला असता. पुन्हा करायचाच ठरला तर तसा करा आणि तिला स्टेरॉइड केव्हा आणि किती दिलंय ते आधी सांगा. मोठ्या डोसच्या स्टेरॉइडनंतर ताजा ठिपकाही रंग घेईनासा होतो आणि आम्ही फसतो. रंग किडनीवाटे बाहेर पडतो. मुलांच्या युव्हायटिसचा एक प्रकार किडनीच्या सुजेसोबतच येतो, त्यामुळे लघवीची आणि क्रिएटिनिनची तपासणी झाली नसेल तर ती होऊ द्या. ती तपासणी तशीही व्हायला हवी होती. गॅडोलिनियमचा किंचित अंश शरीरात राहतो हे खरं आहे. मॅक्रोसायक्लिक प्रकारात तो कमी राहतो. गरज असेल तिथे घाबरायचं कारण नाही, पण हौसेने दर तीन महिन्यांनी कुणी सांगू लागलं तर 'कशासाठी' हे जरूर विचारा.

हे सदर वाचणाऱ्या इतर पालकांसाठी एक गोष्ट मध्येच. डोळ्यांत सूज आहे म्हणून प्रत्येक मुलाचा मेंदू बघायची गरज नसते. मुलांच्या संधिवाताबरोबर येणारा डोळ्याच्या पुढच्या भागातला युव्हायटिस हा फार वेळा दिसणारा प्रकार, आणि त्यात मेंदूच्या एमआरआयचं सहसा काही काम नसतं. तिथे काम असतं स्लिट लॅम्प या डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली नियमाने डोळा तपासण्याचं, जास्त धोक्याच्या मुलांत दर तीन महिन्यांनी. मेंदूकडे नजर वळते ती खुणा बघून. डोळ्याच्या नसेचं तोंड सुजलेलं दिसलं तर ते डोळ्याच्या सुजेमुळे की डोक्यातला दाब वाढल्यामुळे, हे ठरवायला. डोकेदुखी, कानात आवाज आणि दोन्ही पडद्यांखाली पाणी असेल तर व्होग्ट-कोयानागी-हराडा आजार मनात येतो. तोंडात वारंवार फोड येत असतील तर बेहचेट हा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार, आणि मग आम्ही मेंदूचा देठ आणि शिरांमधल्या गुठळ्या शोधतो. सार्कॉइड (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) आणि क्षय मेंदूच्या तळाची आवरणं धरतात. जन्मापासूनच्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गात मेंदूत चुन्याचे खडे दिसतात आणि ते एमआरआयपेक्षा सीटीवर स्पष्ट दिसतात. प्रत्येक वेळी शोध वेगळा, म्हणूनच चिठ्ठीवरचा एक ओळीचा प्रश्न इतका मोलाचा.

परत तुमच्याकडे. इंजेक्शन द्यायचं की नाही? न्यूरोरेडिओलॉजिस्टने 'किरकोळ, डीमायलिनेशनसारखं नाही' म्हटलं आणि मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही, तर बरेच डॉक्टर पुढे जातात. लक्षणांवर नजर ठेवतात आणि वाटलं तर सहा महिने ते वर्षाने एमआरआय पुन्हा काढतात. अडालिमुमॅब हे सोडून देण्यासारखं औषध नाही. संधिवाताच्या युव्हायटिसवर ९० मुलांत झालेली त्याची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला अडालिमुमॅब मिळालेल्यांत उपचार फसण्याचं प्रमाण २७ टक्के होतं, नुसत्या मेथोट्रेक्सेटवर ६० टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणी लवकर थांबवली. तुमच्या मुलीचा प्रकार वेगळा आहे, हे ध्यानात ठेवूनच हा आकडा वाचा.

मामला संशयास्पद वाटला तर रंगासह एमआरआय, मणक्याचाही, रक्तात एमओजीची तपासणी, गरज पडली तर पाठीतलं पाणी. आणि डीमायलिनेशन खरंच निघालं तर टीएनएफ अडवणारं औषध टाळायचं. पण तेवढ्याने दारं बंद होत नाहीत. मायकोफेनोलेट आहे, टोसिलिझुमॅब आहे, एमएससाठी आणि डोळ्यासाठी दोन्हीकडे उपयोगी पडू शकणारी औषधं आहेत. एवढं मात्र बघा की डोळ्यांचे आणि मेंदूचे डॉक्टर एकमेकांशी बोलले आहेत. एमएसच्या मुलांना दिलं जाणारं फिंगोलिमोड पडद्याच्या मध्यभागी पाणी आणू शकतं, आणि युव्हायटिस होऊन गेलेल्यांत तो धोका जास्त असतो. एकाने बरं करायचं आणि दुसऱ्याने निस्तरायचं, असं व्हायला नको.

मुलीला काय सांगायचं? तिने सरळ विचारलंय, तिला सरळ सांगा. 'डोळ्याचं नवं औषध सुरू करायच्या आधी मेंदूचा फोटो काढतात. तुझ्या फोटोत बारीक ठिपके दिसलेत, असे खूप मुलांच्या फोटोत दिसतात. ते महत्त्वाचे आहेत का, ते फोटो नीट वाचणाऱ्या डॉक्टरांना आपण विचारतोय. कळलं की तुला सांगेन.' 'काही नाही, तू खेळ जा' असं म्हणू नका. बंद दाराआड तुम्ही बोलताना तिने ऐकलंय, तेव्हा 'काही नाही'चा अर्थ ती स्वतःच लावेल, आणि तो खऱ्यापेक्षा भयंकर असेल. औषध आपण चुकून थांबवलं होतं आणि आता पुन्हा सुरू करतोय, हेही सांगा. नाहीतर पुढच्या गोळीच्या वेळी तीच विचारेल की बाबा तर नको म्हणाले होते.

जमलं तर तिला चित्र दाखवायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक काप नेहमी दाखवते. त्यात दोन्ही डोळे गोटीसारखे गोल दिसतात, आणि मागे दोन नसा किंचित वाकड्या होत मेंदूकडे जाताना. मुलं आधी स्वतःचे डोळे शोधतात, मग नाक. एका मुलीने विचारलं होतं की यात मी विचार करतेय ते कुठे दिसतं. ठिपका शेवटी दाखवायचा, तोवर तो फारच लहान दिसू लागतो.

राहिली सिस्ट. पायनियल ही मेंदूच्या मध्यभागी असलेली छोटीशी ग्रंथी. तिच्यात पाण्याचा बुडबुडा असणं ही आमच्या रोजच्या बघण्यातली गोष्ट आहे. साध्या भिंतीची ६ मिमीची सिस्ट म्हणजे कॅन्सरची गाठ नव्हे आणि सहसा तिचं काही करावंही लागत नाही. 'डोळा आणि पायनियल' असं एकत्र शोधलंत तर रेटिनोब्लास्टोमा समोर येईल. तो अगदी तान्ह्या-लहान मुलांच्या डोळ्यातला कॅन्सर, त्याचा इथे काही संबंध नाही. ते पान उघडूच नका.

आणि सायनस. एमआरआयच्या दिवशी तिला सर्दी होती का?